थोरली पाती, धाकटी पाती आणि पाला

कऱ्हाडकरांनी मनाला लावून घेऊ नये, पण १७ जुलै २०२५ ला दिल्लीच्या विज्ञान भवनात स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल लागला, तेव्हा पन्नास हजार ते तीन लाख वस्तीच्या गटात देवास पहिलं आलं आणि कऱ्हाड दुसरं. तिसरं हरियाणातलं कर्नाल. कुंजपुरा त्याच जिल्ह्यात येतं, तेव्हा पानिपताच्या बाकीतली एखादी किरकोळ रक्कम वसूल झाली असं आम्ही धरून चाललो आहोत. कऱ्हाडचं मात्र घरातलंच प्रकरण. दख्खनेतून घोड्यावर बसून माळव्यात आलेल्या पवारांच्या गावाने कृष्णाकाठाला हरवावं, आणि तेही झाडू हातात घेऊन, हे तिकडच्या भावकीला जरा जडच गेलं असणार.

गटाचं एक गुपित सांगून टाकतो. देवासची शेवटची सरकारी शिरगणती २०११ ची, २,८९,५५०. दहा वर्षांनी पुढची व्हायची ती झालीच नाही, म्हणून शिरगणतीच्या कागदावर आम्ही अजून तीन लाखांच्या आत आहोत. त्यानंतर जन्मलेली पोरं आता सायकलवरून शिकवणीला जातात आणि जाताना कुरकुऱ्यांची पाकिटं टाकतात. पण ती कागदावर जन्मलेलीच नाहीत, त्यामुळे त्यांची पाकिटंही पडलेली नाहीत.

धार याच गटात मोडतं, २०११ ची वस्ती ९३,९१७. धारचे पाहुणे आले की भोजराजाचं नाव काढतात, किल्ला काढतात, दुसरा बाजीराव त्याच किल्ल्यात जन्मला हेही काढतात (हे शेवटचं एवढ्या मोठ्याने सांगण्यासारखं आहे का, याचा त्यांनी एकदा विचार करावा). पूर्वी यावर आमच्याकडे उत्तर नसायचं. आता आम्ही पोह्यांची बशी पुढे सरकवतो, वर शेव घालतो आणि विज्ञान भवनाची गोष्ट काढतो. पाहुणे मुकाट्याने पोहे खातात.

कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास देवासला आले ते इथल्या कोरड्या हवेत प्रकृती सुधारावी म्हणून, आणि मग इथलेच झाले. त्यामुळे देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी भल्या सकाळी काय ऐकू येत असेल, या कल्पनेनेच पुण्या-मुंबईचे रसिक डोळे मिटतात. ऐकू येतं ते कचरागाडीवरचं गाणं. ते कोपऱ्यावरच्या चक्कीपाशी आलं की अख्खी गल्ली एका हातात हिरवी आणि एका हातात निळी बादली घेऊन धावत सुटते. सम कुठे आहे हे आता शेंबड्या पोरालाही कळतं. समेला पोचलं नाही तर बादली दिवसभर दारात.

तर आम्ही पहिले आलो. कसे आलो, हे समजून घ्यायचं तर आधी इंदूरचा रस्ता धरावा लागतो. इंदूर पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. २०१७ पासून एकेक करत सात वेळा देशात पहिलं आलं. शेवटी सरकारलाच अवघडल्यासारखं झालं असावं, त्यांनी अशा सराईत शहरांसाठी वरची लीग काढली, तर तिथेही इंदूरच वर. इंदूरला गेलेला देवासकर वेफर्सचं रिकामं पाकीट दिवसभर खिशात सांभाळतो. राजवाड्यापाशी टाकत नाही, सराफ्यात टाकत नाही, बसस्टँडवर तर नाहीच. क्षिप्रेचा पूल ओलांडला की बसच्या खिडकीतून त्याचा हात बाहेर येतो आणि पाकीट मोकळ्या हवेत सुटतं. गेली काही वर्षं देवासमध्येही टाकायची सोय उरली नाही, म्हणून नंबरात आलेल्या दोन शहरांच्या मधोमध जो भाग आहे, तो बिचारा दोघांचंही स्वागत करतो.

माझं जुनं मत आहे की कचरा हा आरोग्य खात्याचा विषय नव्हेच, महसूल खात्याचा आहे. हद्द कुठे संपते एवढंच त्यात पाहायचं असतं. आणि हद्द या विषयात देवासला उभ्या हिंदुस्थानात तोड नाही.

नव्या वाचकांसाठी सांगतो. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांना देवास मिळालं. पुढे वाटण्या झाल्या आणि एका गावाची दोन संस्थानं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन महाराज, दोन दरबार. गावाच्या मुख्य रस्त्याची एक बाजू यांची, एक बाजू त्यांची. पाण्याची व्यवस्था निराळी, दिवाबत्तीची निराळी. म्हणजे एका बाजूला उजेड असताना समोरच्या बाजूला अंधार असणं हा राजकीय भूमिकेचा भाग होता. झाडलोटीचं काय होत असेल, ते मी सांगायला नको. थोरल्या पातीच्या झाडूने धाकट्या पातीकडे जे ढकललं, ते वाऱ्याने संध्याकाळी परत आणलं असेल, आणि त्यावर कोणीतरी कारकुनाने खलिता लिहिला असेल. १९४८ ला दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. विलीन झाली ती संस्थानं. झाडू मारणाऱ्या हाताला विलीनीकरणाची नोटीस अजून मिळालेली नाही.

थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांनी १९२१ ला ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाला खासगी चिटणीस म्हणून बोलावून घेतलं होतं. काम काय दिलं? बागा, मोटारी, टेनिसची मैदानं, वीजघर. पुढे फॉर्स्टरसाहेबांनी या दिवसांवर ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक लिहिलं, ते १९५३ ला आलं. एवढा थोर कादंबरीकार, त्याला आम्ही बागेच्या कामाला लावला याचा आमच्याकडे अजून अभिमान आहे. नवा राजवाडा पुरा बांधून होण्याआधीच पडायला लागला होता, हेही त्यांनी टिपून ठेवलं. पाल्याचं काय केलं ते मात्र पुस्तकातून आम्हाला घेता आलेलं नाही, नाहीतर शंभर वर्षांनी माझ्या कॉलनीत जे चाललं आहे ते टळलं असतं.

सुका कचरा आम्हाला कधीच जड गेला नाही, हे आधी स्पष्ट करतो. कारण त्याला भाव आहे. या गावात १९७४ पासून बँक नोट प्रेस आहे. तिथे कागदाच्या नोटा होतात; आमच्या गल्लीत रद्दीच्या होतात, एवढाच फरक. समोरच्या काकू सांचीच्या दुधाच्या पिशव्या कोपऱ्यावर कापतात, धुतात आणि नळाच्या तोटीवर उलट्या वाळत घालतात. पावशेर साठायला महिने लागतात, पण साठतं. महिन्याच्या शेवटी अटालावाला हातगाडी घेऊन आला की त्याच्या तराजूकडे त्या ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने पंचांनी क्रिकेट पाहिलं तर या देशात वाद उरणार नाहीत. तो दांडी उचलतो, करंगळीने पारड्याला आधार देतो. काकू म्हणतात, ‘‘भिया, करंगळी काढा.’’ तो करंगळी काढतो, अंगठा लावतो. काकू अंगठाही काढायला लावतात. मग त्या आतून स्वतःचा स्प्रिंगकाटा आणतात, तो त्याला मान्य नसतो. दोन्ही काट्यांच्या मधला आकडा ठरतो, दहा-बारा रुपये किलोने पैसे मोजले जातात, आणि दोघेही आपण फसलो या समाधानात घरी जातात. कुठलाही पार्षद फीत कापायला न येता ही योजना आमच्या आजीच्या वेळेपासून चालू आहे.

आमचे एक मेहुणे न्यू जर्सीला असतात. त्या राज्यात १९८७ पासून घरच्या घरी वर्गीकरण करणं कायद्याने सक्तीचं. ते देवासला आले की दोन दिवस आमच्या बादल्यांकडे पाहून उसासे सोडतात. तिकडे म्हणे बाटल्या धुऊन, चपट्या करून ठरल्या वारी रस्त्याच्या कडेला ठेवायच्या. पानगळीत अंगणातला पाला तपकिरी कागदी पिशव्यांत भरून ओळीने मांडायचा. आणि ते उचलून नेण्याचे पैसे आपणच भरायचे. ‘‘पैसे आपण भरायचे?’’ काकूंनी तीनदा विचारलं. मग त्यांनी त्यांना प्रेमाने सांगितलं की जावईबापू, तुम्हाला तिकडे कोणीतरी गंडवतंय. मेहुण्यांनी पर्यावरणावर पुष्कळ सांगितलं. मी त्यांना एवढंच विचारलं की त्या धुतलेल्या बाटल्या जायच्या कुठे. तर बऱ्याचशा बोटीत बसून चीनला जायच्या, आणि २०१८ च्या जानेवारीत चीनने दार लावून घेतलं. म्हणजे क्षिप्रेचा पूल तिकडेही आहे, फक्त जरा लांबचा आहे.

ओल्या कचऱ्याचंही बरं चाललं आहे. गाडीवरची ताई वरून बादली घेते, आत हात घालते आणि ‘सुका’ म्हणून दिलेल्या पिशवीची गाठ सोडते. आतून केळीची सालं, त्याखाली दाढीचं ब्लेड, त्याखाली वर्तमानपत्रात न गुंडाळलेलं, जे गुंडाळून द्यावं असं २०१६ चे घनकचऱ्याचे नियम सांगत होते ते. ती काही बोलत नाही. सालं एका खणात, ब्लेड दुसऱ्यात, उरलेलं तिसऱ्यात. बादली परत देते. दारात उभे असलेले साहेब ही वेळ मोबाईलमध्ये पाहायची म्हणून राखून ठेवतात. स्वच्छतेत आमच्या गल्लीचा वाटा किती, असं कोणी विचारलं तर त्यांच्याकडे पहिल्या नंबराचा फोटो आहे. त्यात ताई नाही.

अडचण आहे ती पाल्याची. पाल्याला भाव नाही, त्याचा निराळा नंबर नाही, आणि तो कोणाचा हे सांगता येत नाही. कडुनिंब वरच्या गल्लीत उभा असतो, फांद्या खालच्या गल्लीवर असतात आणि वारा दोन्हीकडून असतो. नियम अगदी साफ आहे: बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी त्याची वाट लावा. रस्त्यावर टाकू नका, नाल्यात टाकू नका, जाळू नका, पुरू नका. जाळला तर हरित न्यायाधिकरणाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाप्रमाणे पाच हजार दंड, ढिगाने जाळला तर पंचवीस हजार. राहिलं काय? तर ढकलणं. ढकलू नये असं कोणी कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही.

पूर्वी होळी होती. सबंध वर्षाच्या वाळक्या फांद्या, मोडक्या खाटा, शेजाऱ्याचं दुर्लक्षित फाटक, सगळ्याची एका रात्रीत सोय. पण कडुनिंबाला पंचांग कळत नाही. होळी विझली, धुळवड झाली, राख थंड झाली की मग तो सावकाश पानं सोडायला लागतो. त्याच्या पाठोपाठ देशी बदाम, तो तर पानं टाकत नाही, ताटं टाकतो. चैत्रात आमच्या कॉलनीत पहाटे साडेपाचला कडेकडेने खराट्यांचा आवाज येतो. लोकांना वाटतं, काय स्वच्छतेची आवड आहे! उजाडलं की दिसतं, रस्त्याच्या बरोबर मधोमध पाल्याची एक सरळ रेघ आहे. दोन्ही बाजूंनी ढकलून ढकलून ती तिथे स्थिरावलेली असते. वरच्या गल्लीतले एक निवृत्त ओव्हरसियर या कामात एवढे तरबेज आहेत की त्यांची रेघ नेहमी खालच्या गल्लीच्या बाजूला वीतभर सरकलेली असते. नोकरीत त्यांनी रस्ते मोजले, ते वाया गेलं नाही.

या पाल्यासाठी कोणी हिरवा कंदील दाखवत नाही. तो मान मिळायला कचऱ्याला आधी विषारी व्हावं लागतं. डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये कारखान्यातून विषारी वायू सुटून जे झालं, त्यावर हसू येण्यासारखं काही नाही. पण त्या कारखान्यात पडून राहिलेला कचरा चाळीस वर्षं तिथेच होता, आणि मग उच्च न्यायालयाने कान धरल्यावर १ जानेवारी २०२५ च्या रात्री निघाला तो असा निघाला, की आमच्याकडे नवरदेवही असे निघत नाहीत. ३३७ टन, बारा बंद कंटेनर, पुढेमागे पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन, सारा रस्ता मोकळा. सुमारे अडीचशे किलोमीटर जाऊन, वाटेत देवास जिल्हा ओलांडून, वरात उजाडायला धार जिल्ह्यात पीथमपूरला पोचली. पीथमपूरकरांनी दारं लावून घेतली, गाव बंद ठेवलं, रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं महसुली होतं: भोपाळचं भोपाळात ठेवा. सरकारचं म्हणणंही महसुली होतं: ठेवलं होतं की, चाळीस वर्षं.

शेवटी न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी थोडा थोडा जाळून पाहिला आणि जूनअखेर सगळा जाळून संपवला. संपवला म्हणजे काय, तर ३३७ टनांची राख आणि अवशेष मिळून आठशे टनांच्या वर भरले, कारण जाळताना त्यात चुना वगैरे घालावा लागतो. जाळल्यावर वाढणारा कचरा धार जिल्ह्याने पहिल्यांदाच पाहिला. आणि भोपाळच्या त्या आवारातली दूषित माती, सरकारी संस्थांच्याच जुन्या अंदाजाने अकरा लाख टन, ती जागच्या जागी आहे. भोजराजाच्या धारला एवढं मोठं दान कोणी दिलं नव्हतं. आता धारकर पाहुणे आले की मी नंबराचा विषय काढत नाही. पोहे मात्र पूर्वीसारखेच देतो.

असो. आमच्या पाल्याकडे येऊ. कॉलनीची सभा भरली, ती अर्थातच दोन्ही गल्ल्यांच्या हद्दीवरच्या उद्यानात. ठरलं की खताचा हौद बांधायचा. विटांचा, मधे मधे हवेला भोकं ठेवलेला. खालच्या गल्लीचं म्हणणं, हौद वरच्या गल्लीत असावा, झाड तिकडे आहे. वरच्या गल्लीचं म्हणणं, वास उतारावरून खाली जातो, तेव्हा तो खालीच असलेला बरा, त्याला निदान चालावं लागणार नाही. वकीलसाहेबांनी वासाच्या सुखाधिकारावर भाषण केलं. शेवटी हौद मधोमध बांधला, त्याच्या बरोबर मध्यावर आतून एक भिंत घातली, आणि दोन्ही कप्प्यांवर चुन्याने ‘वर’ आणि ‘खाली’ लिहिलं. पवारांच्या आत्म्याला त्या दिवशी शांती मिळाली असेल.

खत करणं फार अवघड नाही. सुक्या पाल्याचा थर, वर स्वयंपाकघरातल्या ओल्याचा थर, थोडं शेणाचं पाणी, शिळं ताक. मुठीत दाबलं की ओल कळली पाहिजे, पाणी गळता कामा नये. पंधरा दिवसांनी फावड्याने खालचं वर करायचं आणि थांबायचं. यातली थांबण्याची कृती आम्हाला उत्तम जमली. फावडं कोणी मारायचं यावर दोन सभा झाल्या. पहिल्या महिन्यात हौदात पाल्याखेरीज जे जे सापडलं त्यात एक मिक्सरचं भांडं, चतुर्थीची पूजा, दिवाळीचा आकाशकंदील आणि एका घरातले सगळे जुने चष्मे होते. एका वहिनींनी विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘‘कुजणारं सगळं टाका म्हणालात ना? किती दिवसांत कुजतं, ते कुठे सांगितलंत?’’ फावडं शेवटी उद्यानाच्या माळ्याने मारलं. त्याचं नाव कार्यवृत्तात नाही.

पावसाळा गेला, नवरात्र गेलं, टेकडीवरची गर्दी ओसरली. एका सकाळी माळ्याने वरचा थर बाजूला केला तर खाली काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत. ढीगच्या ढीग पाल्याचं झालं होतं चारच पोती, पण झालं होतं. त्याने ती बाहेर काढून ठेवली आणि चूक केली ती एकच: कुठलं पोतं कुठल्या कप्प्यातलं, याची खूण ठेवली नाही. त्यातच कोणीतरी सांगितलं की नर्सरीत हेच पिशवीत भरून विकतात. दुपारपर्यंत पाल्याला भाव आला होता.

संध्याकाळी सभा. खालची गल्ली म्हणाली, खत आमचं, कारण गेली कित्येक वर्षं पाला आमच्या दारात पडतो. ओव्हरसियर उठले. ज्या माणसाने आजवर भर सभेत देवाशपथ सांगितलं होतं की मी एक पानसुद्धा कोणाच्या हद्दीत ढकललेलं नाही, त्यांनी बगलेतली वही काढली. तारीखवार नोंदी होत्या. ‘गुढीपाडवा, पहाटे ५.४०, कडुनिंब, अंदाजे तीन टोपल्या, पलीकडे.’ ‘रामनवमी, बदाम, दोन टोपल्या, पलीकडे.’ त्यांनी पानं उलटत सगळ्या वाचून दाखवल्या आणि चष्मा पुसत म्हणाले, तेव्हा ढकललेला माल आमचा होता, हे रेकॉर्डवर आहे. वरची गल्ली टाळ्या वाजवायला लागली. मागून एकेक जण उठून सांगू लागला की आपणही किती वर्षं ढकलत होतो. वकीलसाहेबांनी सगळ्यांचे जबाब लिहून घेतले आणि खाली सह्या घ्यायला सुरुवात केली.